कच्चे मडके, पक्के मडके : तबकडी आणि स्ट्रीमिंग यांची तेरच्या पद्धतीने परीक्षा

तेर. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठावरचे गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत हेच गाव ‘तगर’ या नावाने येते. पैठणप्रमाणे इथलाही माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जात असे. गावातील लामतुरे संग्रहालयात त्या काळची भाजक्या मातीची शिल्पे आजही पाहायला मिळतात. पण आजचा धागा व्यापाराचा नाही. तो आवाजाचा आहे, आणि आवाज कसा तपासावा याचा धडा तेरच्याच एका कुंभाराने घालून दिला आहे.

कथा तुम्हांला ठाऊक असेल. संतमंडळी गोरोबाकाकांकडे जमली होती. मुक्ताबाईने कोपऱ्यातील थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे कशासाठी? मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे काका म्हणाले. मग आम्हांलाही तपासा, असा आग्रह झाला. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. बाकीचे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले. निकाल लागला : हे मडके कच्चे आहे. पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, हा त्या कथेचा पुढचा भाग.

ही परीक्षा आपल्याच गावात झाली, असे तेरची परंपरा सांगते. गोरोबांची समाधी इ. स. १३१७ ची मानतात. कथेची ऐतिहासिकता हा वेगळा विषय. मला तिची पद्धत महत्त्वाची वाटते. मडक्याचा रंग पाहायचा नाही, किंमत विचारायची नाही. एकाच थापटण्याने सगळ्यांना सारखाच ठोका द्यायचा आणि कान देऊन ऐकायचे. पक्के भाजलेले मडके खणखणते, कच्चे बद्द वाजते. शिवाय ज्याचे नाव सर्वांत गाजलेले तोच कच्चा निघाला, हे विसरू नका.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या एलपीचा आवाज मोबाइलवरील स्ट्रीमिंगपेक्षा सरस असतो, असे आपण सतत ऐकतो. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडींपेक्षा एलपी अधिक विकल्या गेल्या. १९८७ नंतर हे प्रथमच घडले. मग आपल्या घरातील स्ट्रीमिंग खरोखरच कच्चे मडके आहे का? असेल तर ते नेमके कुठे कच्चे राहिले? यासाठी थोडे मागे, तबकडीच्या जन्मापर्यंत जावे लागेल.

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित करतो. मायक्रोफोन नाही, वीज नाही. समोर एक मोठा कर्णा. गायकाने त्यात तोंड घालूनच गायचे. आवाजाच्या दाबाने पडदा हलतो, पडद्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरते. ते मेण बोटीने जर्मनीतील हॅनोव्हरला जाते आणि तिथून तयार तबकड्या परत येतात. तिथल्या कामगारांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गायकांनी शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगायचे, असा रिवाज पडला. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये.

तबकडी कशाची असे? लाखेची! बांगड्यांना आणि टपालाच्या मोहरेला वापरतात तीच लाख, आणि ती मुख्यतः भारतातूनच जगभर जाई. पण लाखेचा वाटा थोडा. बाकी बहुतेक दगडाची बारीक भुकटी आणि काजळी. भुकटी मुद्दाम घालत, कारण पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी अशी योजना होती. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची. जुन्या मुद्रिकांमधील ती ‘खरखर’ म्हणजे काळाचा परिणाम नव्हे. कोऱ्या तबकडीतही ती असे, कारण आपण शब्दशः दगडावर सुई घासत होतो. (सुईच्या या राज्याने मराठीला एक वाक्प्रचारही दिला. तेच तेच बोलणाऱ्याची ‘पिन अडकली’, असे आपण म्हणतो. ज्यांनी ग्रामोफोन पाहिलाही नाही तेसुद्धा म्हणतात.)

१९२५ पासून विद्युत मुद्रण आले. हा फरक वाचून कळत नाही, तो ऐकावाच लागतो, आणि त्यासाठी महाराष्ट्राकडे एक उत्तम उदाहरण आहे. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या, कर्ण्याच्या काळातील. शेवटच्या १९३० च्या दशकातील, मायक्रोफोनपुढच्या. एकच गायक, दोन तंत्रे. पहिल्यांत आवाज दूर, पातळ, नळीतून आल्यासारखा. दुसऱ्यांत श्वास ऐकू येतो. दोन्ही आज इंटरनेटवर सहज मिळतात. हा धागा इथेच थांबवून एकदा ऐकून या.

याच अब्दुल करीम खाँ यांची तबकडी गदगमध्ये एका दुकानात वाजताना एका शाळकरी मुलाने ऐकली आणि गाणे शिकण्यासाठी वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. खरखर, अपुरा खर्ज आणि तीन मिनिटांची मर्यादा असलेल्या लाखेच्या तुकड्याने हे घडवले. आवाजाच्या शुद्धतेवर वाद घालताना हा प्रसंग मी नेहमी समोर ठेवतो. तंत्र कमी असूनही गाणे पोहोचू शकते. मात्र यावरून तंत्राने वाटेल ते करावे, असा अर्थ काढायचा नसतो.

तीन मिनिटे ही मर्यादा लहान नव्हती. मिनिटाला सुमारे ७८ फेऱ्या घेणारी दहा इंची तबकडी तेवढ्यात संपे. ज्या ख्यालाला मैफलीत तास लागे, तो तीन मिनिटांत बसवायचा. जयपूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांनी तबकडी दिलीच नाही, आणि भास्करबुवा बखले यांचाही आवाज आपल्याकडे नाही. अल्लादिया खाँ कसे गात, हे आपण त्यांच्या शिष्यांवरून, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यावरून, ताडायचे. केसरबाईंनीही मोजकेच मुद्रण केले. त्यांच्या नावाकडे आपण शेवटी परत येऊ.

दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा अडला आणि व्हिनाइल या प्लास्टिकचा वापर वाढू लागला. २१ जून १९४८ रोजी कोलंबिया कंपनीने एलपी जाहीर केली : मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, बारीक खाच, एका बाजूला वीसएक मिनिटे. दगडाची भुकटी गेली, खरखर गेली. आपल्या संगीताला मात्र शांततेपेक्षा वेळ अधिक मोलाचा ठरला. मुंबईत हिज मास्टर्स व्हॉइसच्या ध्वनिमुद्रणाची धुरा सांभाळणारे जी. एन. जोशी स्वतः भावगीत गायक होते. त्यांच्या काळात उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा आणि दरबारी एका एलपीच्या दोन बाजूंवर आले. विलंबित लयीतील ख्याल प्रथमच घरात, आपल्या गतीने उलगडू लागला. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची एलपीही जोशींच्याच निर्मितीची. एलपीबद्दलच्या आपल्या जिव्हाळ्याचे मूळ इथे आहे, आणि तो जिव्हाळा रास्त आहे.

पण थापटणे तिच्यावरही मारले पाहिजे.

एलपीच्या खाचेत आवाज जसाच्या तसा कोरता येत नाही. खर्जाच्या लाटा इतक्या रुंद असतात की शेजारच्या खाचा एकमेकींत शिरतील. म्हणून कोरताना खर्ज कमी करतात, तीव्र स्वर वाढवतात आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर नेमके उलटे करून तोल सावरतो. १९५४ पासून यासाठी एकच प्रमाण रूढ झाले. म्हणजे ‘एलपीत कोणतीही ढवळाढवळ नसते’ ही समजूत खरी नाही. दुसरे असे की तबकडीची गती एकच असली तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. त्यामुळे बाजूच्या शेवटी ‘स’, ‘श’ फाटू लागतात. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांतील अंतर चांगल्या एलपीत साधारण ६० ते ७० डेसिबल. १९८२ मध्ये आलेल्या सीडीत ९६.

डिजिटल आवाज पायऱ्या-पायऱ्यांचा असतो, मधला स्वर गळतो, असेही ऐकायला मिळते. तेही चूक. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. ठराविक मर्यादेपर्यंतच्या लाटेचे पुरेसे नमुने घेतले तर ती लाट अखंड, पायऱ्यांविना परत उभी करता येते, हे गणिताने सिद्ध आहे. सीडीची ती मर्यादा आपल्या कानांच्या, म्हणजे सुमारे २०,००० हर्ट्‌झच्या, पलीकडे पडते.

मग सीडीची आणि पुढे एमपी-३ ची बदनामी का झाली? दोन कारणांनी, आणि दोन्ही माणसांची कामे आहेत, माध्यमाची नव्हेत.

पहिले कारण मोठेपणाची शर्यत. एलपीत आवाज प्रमाणाबाहेर चढवला तर सुईच उडते. माध्यमच लगाम घालते. सीडीला तो लगाम नव्हता. १९९० नंतर प्रत्येक कंपनीला आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे हवे झाले. त्यासाठी आवाजाची शिखरे छाटायची आणि उरलेले सगळे वर ढकलायचे. तबल्याची थाप म्हणजे तिचा पहिला तडाखा. तो छाटला की हाती उरते नुसती टपटप. जुनी गाणी नव्याने ‘उजळून’ काढतानाही हेच झाले. म्हणून एकाच गाण्याची जुनी एलपी आणि नंतरची सीडी यांत एलपी खरोखर जिंकते, पण प्लास्टिकमुळे नव्हे. तिच्यासाठी ज्याने आवाज बसवला त्याचा हात हलका होता म्हणून.

दुसरे कारण आकुंचन. सीडीतून सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती येते. इंटरनेट मंद असताना एमपी-३ ने ती १२८ वर आणली, म्हणजे अकरावा हिस्सा. कानाला जे जाणवणार नाही ते फेकायचे, ही कल्पना हुशारीची. पण इतके फेकले की जाणवतेच. सर्वांत आधी बळी पडतो तो तानपुरा. मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी काढतात आणि तारेखाली सुती दोरा सरकवून असंख्य वरचे स्वर जागे करतात. ती सतत थरथरणारी झळाळी म्हणजे आकुंचन करणाऱ्या गणितासाठी मोठी कसोटी. कमी दर्जाच्या फाइलमध्ये ती पाण्याखाली बुडबुडल्यासारखी ऐकू येते. तुमच्या घरची यंत्रणा तपासायला याहून चांगले थापटणे नाही. कोणत्याही मैफलीचे पहिले मिनिट लावा. गायकाने षड्‌ज लावण्याआधीच निकाल कळतो.

आज परिस्थिती बदलली आहे. काही सेवा सीडीच्या दर्जाचा, काहीही न फेकलेला आवाज देतात. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ पासून तो जादा दराशिवाय खुला केला. इतर ठिकाणीही ३२० किलोबिटपर्यंत जाता येते आणि तेवढ्यावर फरक ओळखणे बहुतेकांना जमत नाही. म्हणजे नळाला पाणी चांगले आहे. गळती घरात आहे.

पहिली गळती अ‍ॅपमध्येच : दर्जाचा पर्याय अनेकदा ‘आपोआप’वर ठेवलेला असतो आणि मोबाइल डेटा व वाय-फाय यांसाठी वेगवेगळा असतो. दोन्ही हाताने वरच्या टोकाला न्या. दुसरी ब्लूटूथमध्ये. एकदा आकुंचित झालेले गाणे फोन उलगडतो आणि ब्लूटूथसाठी पुन्हा आकुंचित करतो. निवांत ऐकायचे असेल तेव्हा तार वापरा. फोनला हेडफोनचे छिद्र नसेल तर छोटा डॅक मिळतो. तो फोनमधील आकड्यांचे लाटेत रूपांतर करून हेडफोनला किंवा अ‍ॅम्प्लिफायरला देतो.

सर्वांत मोठी गळती मात्र तुलनेतच आहे. एलपी ऐकणारा ती अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भारदस्त स्पीकरांवर ऐकतो. स्ट्रीमिंग ऐकणारा फोनच्या नखाएवढ्या स्पीकरवर, भांडी घासताना. आणि मग निष्कर्ष काढतो की व्हिनाइल श्रेष्ठ! घरात आजोबांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर धूळ खात असतील तर फोन तारेने त्यालाच जोडा. खर्च फक्त तारेचा. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण व्हावा, स्पीकर कानांच्या उंचीवर असावेत, भिंतीपासून हातभर दूर असावेत.

आणि खोली. आपल्या घरांत गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ असा थरकाप ऐकू आला तर गाण्यातील प्रत्येक अक्षरामागेही तो आहेच. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि समोरच्या भिंतीवर एखादी गोधडी, एवढ्याने जो फरक पडतो तो हजारोंच्या उपकरणाने पडत नाही.

आता गोरोबांची मूळ अट : नाव न पाहता ऐकणे. एकाच मुद्रणाची एलपी आणि फाइल एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर लावा, दोन्हींचा आवाज सारखा करा (किंचित मोठे असलेले आपल्याला नेहमीच चांगले वाटते) आणि अदलाबदल मित्राला करू द्या. तुमची पाठ यंत्राकडे. सुईची टिकटिक गुपित फोडेल हे खरे, पण गाणे कोणते अधिक जिवंत वाटले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवा.

ही अट किती महत्त्वाची आहे ते २०२२ मध्ये दिसले. अमेरिकेतील ‘मोबाइल फिडेलिटी’ ही कंपनी पूर्णतः अ‍ॅनालॉग मानल्या जाणाऱ्या महागड्या एलपींसाठी प्रसिद्ध होती. तिच्या तंत्रज्ञांनी मान्य केले की अनेक तबकड्यांच्या निर्मितीत कित्येक वर्षे डिजिटल टप्पा होता. त्याच एलपी उत्तम यंत्रांवर ऐकून ‘डिजिटलला ही सर नाही’ म्हणणाऱ्या जाणकारांच्या ते लक्षात आले नव्हते. थापटणे डोक्यावर बसले, आणि राग आला तो नामदेवांसारखाच.

इतकी खटपट कशासाठी, असे विचाराल. नवी गाणी कशीही ऐकली तरी त्यांची मूळ प्रत कुठेतरी सुरक्षित आहे. खरा धोका जुन्या तबकड्यांना आहे, कारण स्ट्रीमिंगवर जे पोहोचते तेच आता बहुतेकांसाठी मूळ ठरते. खरखर काढण्याच्या नादात तीव्र स्वर पुसलेले, आवाजाला कांबळे पांघरल्यासारखे झालेले शास्त्रीय गायन मी कितीदा ऐकले आहे. त्याहून घातक चूक गतीची. सुरुवातीच्या काळात ‘७८’ हे नावापुरते होते. प्रत्यक्ष मुद्रण ७० ते ८० च्या दरम्यान कुठेही होई. समजा तबकडी ७३.६ फेऱ्यांवर कोरली आणि आज कोणी ती ७८ वर वाजवून अपलोड केली, तर सगळे गाणे अर्ध्या स्वराने चढते. लय वाढते, तान अधिक चपळ वाटते, गायक दहा वर्षांनी तरुण होतो. आपण ते घराण्याचे वैशिष्ट्य समजून बसतो, विद्यार्थी त्याची नक्कल करतात. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० पासून मुंबईत काम करते आहे, तिचे मोल इथे कळते. तबकडीवरचा क्रमांक, वर्ष, मुद्रणाचे ठिकाण यांची नोंद असेल तरच योग्य गतीचा अंदाज बांधता येतो. स्ट्रीमिंगच्या पडद्यावर यातले काहीही नसते. अनेकदा वर्षाच्या जागी अपलोडचे वर्ष असते, आणि अब्दुल करीम खाँ २०१५ सालचे गायक होऊन बसतात!

म्हणून ऐकताना तानपुऱ्याचे अ‍ॅप जवळ ठेवा. गायकाचा षड्‌ज कोणत्या पट्टीत येतो ते पाहा, त्याच काळातील त्याच्या दुसऱ्या तबकडीशी ताडून बघा. अर्ध्या स्वराचा फरक दिसला तर दोहोंपैकी एक गती चुकलेली असण्याची शक्यता मोठी.

आता केसरबाईंकडे. १९७७ मध्ये व्हॉयजर यानांवर पृथ्वीचे संगीत पाठवायचे ठरले, तेव्हा रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाच्या शिफारशीवरून गोव्याच्या केरी गावच्या या गायिकेची भैरवी निवडली गेली. तबकडी बाजारातून नाहीशी झाली होती. शोधता शोधता ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. साडेतीन मिनिटांचे ते गाणे सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरले गेले. ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयजर-१ झेपावले. १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले.

त्या तबकडीबरोबर सुई आणि कार्ट्रिजही पाठवले आहेत. वेष्टनावर आकृती कोरली आहे : सुई कुठे ठेवायची, आणि एका फेरीला किती वेळ लागला पाहिजे. तो ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेऱ्या. परग्रहावर सेकंद कोणाला कळणार, म्हणून तो हायड्रोजनच्या अणूच्या परिमाणात लिहिला आहे.